पाण्याखालचे खूट आणि होडीचा पंखा

प्रश्न : काका, आमची वस्ती इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठाला आहे. आजवर वल्ह्याची होडी होती. यंदा अठरा फुटी फायबरची होडी केली आणि जुनं ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं तसा पंखा खुटांना धडकायला लागला. दोन पाती वाकली. एकदा तर होडी अशी गचकली की पुढं बसलेला धाकटा भाऊ थेट पाण्यात गेला. मासे झाडाझुडपातच आहेत, तिकडं न जाऊन भागत नाही. धडकलं की इंजिन वर उसळतं, म्हणून ते खाली बांधून टाकावं असं काही जण सांगतात. बांधावं का?
— एक मच्छीमार, ता. इंदापूर

उत्तर : नाही दादा, इंजिन बांधू नका. बांधलं असेल तर हा अंक खाली ठेवा आणि दोरी सोडून या.

पुढच्या गिअरमध्ये खुटाला धडकल्यावर इंजिन वर उसळतं, ते उसळायलाच हवं. त्याची बनावटच तशी आहे. ते उसळलं नाही तर तो सगळा दणका होडीच्या मागच्या फळीवर येतो. फळी फाटली की पाणी मागून भरतं, आणि मागं तर इंजिन, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा माणूस असं सगळं वजन. अशी होडी काही क्षणांत मागच्या बाजूनं खाली बसते. इंजिनाला एक खटका असतो, मेकॅनिक त्याला रिव्हर्स लॉक म्हणतात. रिव्हर्स मारताना इंजिन वर येऊ नये एवढंच त्याचं काम. पुष्कळ जुन्या इंजिनांत तो गंजून कायमचा अडकलेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. तुमचं इंजिन जुनं आहे म्हणता, तर आधी हेच बघा. काठाला, इंजिन बंद असताना, पुढच्या गिअरला टाका आणि खालचा पाय हातानं मागं ओढा. वर आलं पाहिजे. आलं नाही तर खटका मोकळा करून ग्रीस लावा.

भाऊ पाण्यात पडला हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला तेच वाचून धडकी भरली. होडी आदळते तेव्हा पुढचा माणूस पुढं फेकला जातो आणि होडी त्याच्या अंगावरून जाते. मागं पंखा फिरत असतो. इंजिनाला लाल वेटोळ्या दोरीची किल्ली असते. ती मनगटाला अडकवायची. चालवणारा जागेवरून हलला की किल्ली निघते आणि इंजिन बंद पडतं. आपल्याकडं ही दोरी टाकीवर गुंडाळलेली दिसते, नाहीतर तिच्या जागी तारेचा तुकडा खोचलेला. नवी दोरी फार महाग नसते. आणि खुटांच्या भागात कुणाला नाकावर बसू देऊ नका. मधल्या फळीवर बसवा.

आता खूट कसे चुकवायचे ते.

आधी हे समजून घ्या की उभी झाडं तुमची वैरी नाहीत. पाण्याबाहेर वाळलेली फांदी दिसते, तिच्यावर पाणकावळा बसलेला असतो, ती कुणीही चुकवतो. घात करतो तो पाण्याच्या वीतभर खाली मोडलेला बुंधा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. जो भाग कायम पाण्याखाली आहे तिथं हवा पोचत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. केरळात पेरियारचं धरण १८९५ सालचं आहे आणि तिथल्या तलावात बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून उभे दिसतात. पण जिथं पाणी चढतं-उतरतं, तो पट्टा ओला-कोरडा होत कुजतो आणि झाड नेमकं तिथंच मोडतं. वरचा भाग वाहून जातो, खालचा तसाच राहतो, आणि वरून बघणाऱ्याला स्वच्छ पाणी दिसतं.

उजनीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं, तेव्हाची मळ्यातली जुनी झाडं ही एक जात. दुसरी जात वेड्या बाभळीची. धरण भरत नाही त्या वर्षी उघड्या पडलेल्या गाळावर वेडी बाभूळ माजते, आणि पुढच्या चांगल्या पावसात ती उभीच्या उभी बुडते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी मोकळी असलेली वाट आज मोकळी असेलच असं नाही. “आमच्या आज्यापासून हीच वाट आहे” हे वाक्य या पाण्यावर चालत नाही.

तिसरा प्रकार माणसानं केलेला. उन्हाळ्यात पाणी हटलं की सरपणासाठी वाळकी झाडं तोडतात आणि वाकायला नको म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडतात. दिसणारं झाड गेलं, न दिसणारा खूट राहिला. माझं स्पष्ट मत आहे की तोडायचं तर जमिनीलगत तोडा, नाहीतर उभं राहू द्या. उभं झाड मच्छीमाराला खूण म्हणून उपयोगी पडतं, पाखरालाही आसरा होतो. तुमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. ज्यांची जाळी त्याच पाण्यात पडतात, त्यांनीच तो धरून लावला पाहिजे.

मग इलाज काय? दादा, खूट दिवाळीत शोधायचे नसतात, मे महिन्यात शोधायचे असतात. उजनीसारखी सोय फार थोड्या पाण्यांवर आहे, कारण आपलं धरण बहुतेक उन्हाळ्यांत तळ दाखवतं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी. तेवढं पाणी संपलं की आपण धरण मायनसमध्ये गेलं म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांजवळ गेलं होतं. अशा वेळी एरवी पाण्याखाली असलेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी होते. तुम्ही त्या दिवसांत देवळाला हात जोडा आणि पुढं आपल्या जाळ्यांच्या पट्ट्यात पायी फिरून या. पुढच्या हंगामात जिथून होडी न्यायची आहे ती वाट चालून बघा.

जाताना वही, मोजपट्टी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. धरणाची पाणीपातळी रोज जाहीर होते. त्यात टक्केवारीबरोबर समुद्रसपाटीपासूनचा मीटरचा आकडा असतो, तो धरा. टक्का फसवतो, कारण धरण वर पसरट आणि खाली अरुंद आहे. वरचे दहा टक्के उतरताना पाणी थोडंच खाली येतं, तळाचे दहा टक्के उतरताना जास्त. मीटरचा आकडा सरळ असतो. शून्य टक्क्याला ४९१.०३ मीटर, शंभर टक्क्याला ४९६.८३. मध्ये पावणेसहा मीटरच्या वर, म्हणजे एकोणीस फूट पाणी चढतं-उतरतं.

समजा तुम्ही गेलात त्या दिवशी पातळी ४९०.५० आहे. पाण्याच्या कडेपासून नळी लावून मोजलं तर एका बाभळीच्या खुटाचं टोक पाण्याच्या पातळीहून १ मीटर २० सेंटिमीटर वर भरलं. म्हणजे त्याचं टोक ४९१.७० ला. वहीत तेच लिहा. आता होडी नेहमीचं वजन घालून पाण्यात उभी करा आणि पाण्याच्या रेषेपासून इंजिनाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. तुमच्यासारख्या होडीला ते दोन फुटांच्या आसपास भरेल. त्यावर लाटेसाठी आणखी वीतभर धरा, म्हणजे ८० सेंटिमीटर झाले. ४९१.७० मध्ये ०.८० मिळवले की ४९२.५०. तर हा खूट तुम्हाला कधी मारणार? पातळी ४९२.५० ते ४९१.७० यांच्यामध्ये असताना. त्याहून वर पाणी असेल तर तो खोल आहे, त्याहून खाली असेल तर डोळ्यांना दिसतो. म्हणजे प्रत्येक खुटाचे धोक्याचे दिवस ठरलेले आहेत, आणि ते आदल्या रात्री पातळी बघून कळतात. दिवाळीनंतरच पंखा का लागायला लागला, याचं उत्तर यात आहे. पाणी उतरत उतरत तुमच्या वाटेवरच्या खुटांच्या पट्ट्यात आलं.

मोबाइलच्या नकाशावर प्रत्येक खुटाची जागा जतन करा आणि नावाच्या जागी तो आकडा टाका. मोबाइल काही मीटर इकडंतिकडं दाखवतो, म्हणून खुणेपासून पंधरा-वीस मीटर लांबून जा. पावसाळ्यात दौंडकडून जोराचं पाणी येत असेल तेव्हा फुगवट्याच्या वरच्या टोकाला पातळी धरणाच्या आकड्याहून जास्त असते, आणि वाहून आलेले ओंडकेही असतात. त्या दिवसांत वहीवर विसंबू नका.

वाटेतल्या मोठ्या खुटांना खूण करायची तर प्लॅस्टिकचा डबा दोरीनं बांधतात. ते मला पटत नाही. दोरी पूर्ण पातळीला पुरेल एवढी लांब ठेवली तर पाणी उतरल्यावर डबा खुटापासून भलतीकडं तरंगतो आणि तीच दोरी पंख्यात येते. त्यापेक्षा वीस फुटी बांबू खुटालगत उभा करून तारेनं तीन ठिकाणी आवळा आणि वरच्या टोकाला रेडियमची पट्टी गुंडाळा. आणि वाट आखताना भीमेचं जुनं पात्र शोधा. पात्रात पाणी खोल असतं, झाडं नसतात, ती असतात दोन्ही थडींना. लांबून जायचं झालं तरी पात्रातून जा आणि आपल्या जाळ्याच्या समोर आल्यावरच आत वळा.

आत वळलात की इंजिन अगदी कमी. वेग दुप्पट झाला तर दणका चौपट होतो, हे हिशेबाचं आहे. फिश फाइंडर घ्यायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा की तो होडीखालचं दाखवतो, पुढचं नाही. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूनं आत शिरा, समोर ऊन असलं की पाण्यावर नुसती चकाकी दिसते. दाट झाडीत इंजिन उचलून वल्हं घ्या.

आणि वारा बघा. झाडीत शिरताना शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला शिरा. इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला आल्या वाटेनं मोकळ्या पाण्यात आणून सोडतो. वारा पाठीवर घेऊन शिरलात आणि इंजिन बंद पडलं, की तो तुम्हाला आणखी आत ढकलतो आणि होडी आडवी होऊन खुटावर बसते.

बसलीच तर रेस देऊ नका. खूट तळाला भोक पाडतो ते अशाच वेळी. इंजिन बंद करा, वर उचला. खूट कुठं टेकलाय ते बघा आणि माणसं हळूहळू, बसल्या बसल्या, त्याच्या उलट बाजूला सरकवा. मग वल्ह्यानं आल्या दिशेला रेटा. कुणीही उभं राहायचं नाही, पाण्यात उडी टाकायची नाही. खुटांना जुनी नायलॉनची जाळी गुरफटलेली असतात आणि त्यात पाय अडकला तर पट्टीचा पोहणाराही वर येत नाही. तीच जाळी पंख्याला गुंडाळली तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, इंजिनाचा पाय वर, आणि होडीत बसूनच सुरीनं कापा.

झाडीत नांगर टाकू नका, तो अडकतो. होडीच्या नाकाची दोरी उभ्या झाडाला सरकगाठीनं बांधा, एका झटक्यात सुटली पाहिजे. मागच्या बाजूनं कधीच बांधायचं नाही, लाट मागून आत येते. बांधण्याआधी वर नजर टाका, वाळक्या फांदीला मधमाश्यांचं पोळं असतं.

पंख्याबद्दल एक राहिलं. तुमच्या इंजिनाच्या पंख्यात रबरी बूश असतो, दणका तो सोसतो. तो घसरला असेल तर इंजिन ओरडतं पण होडी पुढं जात नाही. लहान इंजिनांत बूश नसतो, तिथं पिन असते आणि ती मोडण्यासाठीच असते. मोडली की खिळा ठोकून चालवणारे मी खूप बघितले. खिळा मोडत नाही, मग आतले गिअर मोडतात. होडीत पाना, पक्कड, जादा पंखा किंवा पिन आणि एक वल्ह्याची जोडी कायम ठेवा.

प्रश्न : नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि बाबांना मासेमारीचं वेड. लेक फोर्कला भाड्याची बोट घेऊन जायचा विचार आहे, पण तिथं पाण्यात झाडंच झाडं आहेत असं ऐकलं. सातआठ वर्षांचा मुलगाही बरोबर असेल. जावं का?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर : जा की. माझा भाचा त्याच भागात असतो, त्याच्याबरोबर मी ते तळं बघितलं आहे. तिथलं धरण १९८० सालचं, म्हणजे आपल्या उजनीच्याच वयाचं. सत्तावीस हजार एकरांचं पाणी. तिथली पुष्कळशी झाडं मुद्दाम उभी ठेवली, बास माशाला आसरा मिळावा म्हणून. त्याचं फळही मिळालं. टेक्ससमधला आजवरचा सर्वांत मोठा लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये तिथंच लागला. म्हणजे सव्वाआठ किलो. बाबांना हे आधी सांगा, त्यांना रात्रभर झोप लागणार नाही.

तिथं झाडांमधून बोटींच्या वाटा बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेल्या आहेत. लांब जायचं ते त्या वाटांनीच. वाट सोडली की बोट नुसती सरपटत जाईल एवढाच वेग. भाड्याच्या बोटीला पुढं विजेची छोटी मोटर असेल तर झाडीत तीच वापरा. आखलेल्या वाटेतही पावसानंतर सुटे ओंडके तरंगत येतात, म्हणून वाटेवरसुद्धा एक माणूस पुढं नजर ठेवून हवा. बोट देणाऱ्याला विचारा, आज पाणी ४०३ फुटांच्या किती खाली आहे. ४०३ ही त्या तळ्याची भरलेली पातळी. दोनतीन फूट खाली असेल तर एरवी बुडालेले खूट वर सरकलेले असतात. तसं असेल तर पहिल्या खेपेला तिथला वाटाड्या घ्या. पैसे जातील, पण बाबांना मासेही जास्त मिळतील.

कायदा असा की २६ फुटांहून लहान बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलानं बोट चालू असताना लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणंही तिथं १ सप्टेंबर २०१९ पासून बंधनकारक आहे. १ सप्टेंबर १९९३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवण्याचा अभ्यासक्रम केलेला असावा लागतो, तुमचं वय त्यात बसत असेल तर आधी तो उरका. बाबांनाही जॅकेट घालायला लावा. ते नको म्हणतील. नातवानं घातलंय म्हटल्यावर घालतील.

प्रश्न : काका, आमचे मालक संध्याकाळी जाळी टाकायला जातात ते कधी कधी अंधार पडून गेला तरी येत नाहीत. फोन लागत नाही. विचारलं तर म्हणतात, पाणी माझ्या ओळखीचं आहे. माझा जीव टांगणीला लागतो. आता थोरल्या मुलालाही न्यायला लागलेत, तो चौदा वर्षांचा आहे. मी काय करू?
— एक ताई, ता. करमाळा

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे आणि ती त्यांना सांगताना हे उत्तर वाचून दाखवा.

मालक, पाणी तुमच्या ओळखीचं असेल, वारा नाही. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वळवाच्या वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जीव गेले. तुमच्या तालुक्यातलीच गोष्ट आहे, मी वेगळं सांगायला नको. मार्च ते जून दुपारनंतर आभाळ एका बाजूनं काळवंडलं की जाळी तशीच सोडून काठ धरा. जाळं उद्या सापडेल.

जाळी ऊन असताना टाका आणि फटफटल्यावर काढा. अंधारात झाडीत इंजिन चालवायचं कारणच उरू नये. उशीर झालाच तर इंजिन वर, वल्ही हातात. बॅटरी होडीच्या अगदी नाकावर लावा, उजेड पुढं पडेल अशी. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड आपल्याच पांढऱ्या होडीवर पडतो आणि डोळे दिपतात, पुढचं काही दिसत नाही.

ताई, तुमच्यासाठी तीन गोष्टी. निघताना आज कुठल्या अंगाला जाळी आहेत ते विचारून घ्या. नुसतं “तिकडं” चालणार नाही, ठिकाण पाहिजे. परत यायची वेळ ठरवा आणि त्या वेळेनंतर तासभर झाला की शेजारच्या होडीवाल्याला सांगायचं, हे आधीच त्याच्याशी बोलून ठेवा. म्हणजे त्या रात्री कुणाला सांगू, कुणाला नको असं होणार नाही. तिसरं, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुलाच्या खिशात द्या, मालकांच्या नको. ते जाळ्याशी झटत असतात, फोन तेच आधी भिजवतात.

मुलाला जरूर नेऊ द्या, धंदा असाच शिकतात. पण जॅकेटशिवाय नाही. मोठ्याचं जॅकेट त्याला चालणार नाही, त्याच्या वजनाचं घ्या, वजन आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. पाण्यात असंच सरकून डोक्यावरून निघून जातं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घ्या, आणि पहिल्यांदा काठाला कमरेएवढ्या पाण्यात त्याला घालून तरंगू द्या, म्हणजे त्याची भीतीही जाईल आणि तुम्हालाही दिसेल.